ईदनंतरचे दोन महिने

२०१९ च्या जानेवारीत मिरजेहून लेकीचा फोन आला. "अम्मी, ईदनंतर दोन महिने मला साताऱ्याला येता येणार नाही. संशोधनासाठी अर्ज करतेय."

ती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होती. आमच्या घरात तिच्याआधी बारावीपुढे कुणी गेलेलं नाही. तिच्या अब्बांचं शिलाईचं दुकान. त्यांना वाटलं, नापास झाली की काय! नणंद म्हणाली, "डॉक्टर व्हायला पाठवली ना? मग हे काय नवीन? ईदनंतर कराडची माणसं तिला बघायला येणार आहेत."

लेकीनेच समजावलं. आयसीएमआर ही सरकारी संस्था १९७९ पासून वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी एक योजना चालवते. शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली दोन महिने छोटं संशोधन करायचं. अहवाल मंजूर झाला की प्रमाणपत्र आणि विद्यावेतन मिळतं. योजना सर्वांना खुली. पण एका गाईडकडे एकच विद्यार्थी. ज्यांच्या घरात डॉक्टर असतात त्यांना हे आधीच ठाऊक असतं, ते वेळेत गाईड गाठतात. आमच्या लेकीला विचारायचं कुणाला, हेच माहीत नव्हतं. एका मॅडमनी स्वतःहून बोलावून विचारलं, "तुला कोणता प्रश्न पडतो?"

तिला घरातलाच प्रश्न पडला होता. माझ्या सासूबाईंना मधुमेह. रमजानमध्ये त्या आपल्या मनानेच गोळ्या कमी करत आणि डॉक्टरांना सांगत नसत. मॅडम म्हणाल्या, "हाच विषय घे."

प्रश्नावली कशी करायची, संमती कशी घ्यायची, समितीची मंजुरी कशी मिळवायची, सगळं त्यांनी शिकवलं. पहिला मसुदा लाल शाईने भरून परत आला, तेव्हा लेक फोनवर रडली. पण निवड झाली. ईद झाली आणि ती सांगलीच्या सिव्हिलमध्ये रुग्णांशी बोलायला बसू लागली.

समोर एखादी खाला आली की ती घरच्या बोलीत विचारी, आणि बायका मोकळ्या होत. इंजेक्शनने रोजा तुटेल म्हणून एकीने महिनाभर इन्सुलिन घेतलंच नव्हतं. दुसरी सकाळची गोळी सहरीला घेई, मग दुपारी तिला दरदरून घाम फुटे, हात थरथरत. "डॉक्टरांना का नाही सांगितलं?" "ते रोजा सोड म्हणतील म्हणून!"

हे ऐकलं तेव्हा मला त्या दोन महिन्यांची किंमत कळली. अमेरिकेत मागे राहिलेल्या समाजांतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी असे खास कार्यक्रम राबवले गेले. ती काही त्यांच्यावर मेहेरबानी नव्हे. आपल्यातलं कुणी तिथे बसलं नाही, तर आपल्या घरातले प्रश्न विचारणार कोण?

पुढचा रमजान लॉकडाऊनमध्ये आला. त्याच्या महिनाभर आधीच लेकीने दादीला डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावलं. डॉक्टरांनी रोजे नकोत असं स्पष्ट सांगितलं. सासूबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. मग लेकीने आठवण दिली, की आजारी माणसाला कुरआननेच सवलत दिली आहे. त्यांनी फिदिया दिला आणि गोळ्या वेळेवर घेतल्या.

कराडचं स्थळ गेलं. त्याचं दुःख नाही.

आपल्या समाजातल्या डॉक्टर भावाबहिणींना एकच विनंती आहे. तुमच्या गावातलं एखादं लेकरू वैद्यकीयला लागलं असेल, तर त्याला ही योजना पहिल्याच वर्षी सांगा. त्याने विचारायची वाट पाहू नका. त्याला विचारता येत नाही.