इतर भार

परदेशी विद्यापीठाच्या अर्जात एसओपी नावाचा एक निबंध असतो. आपण काय शिकलो, तिथेच का यायचंय, पुढे काय करणार, हे हजारभर शब्दांत सांगायचं. माझ्या एसओपीतलं जवळजवळ प्रत्येक वाक्य 'मी'पासून सुरू होत होतं. मी हा प्रोजेक्ट केला, मी पुण्यात तीन वर्षं बॅकएंडचं काम केलं, मला डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स शिकायच्यात. त्याच महिन्यात बँकेची फाइलही तयार होत होती. तिच्यात मी नुसती कर्जदार होते. बाकी सगळं घर सहकर्जदार, जामीनदार, वारस अशा नावांनी तिथं हजर होतं.

२०२३ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं ॲडमिट आलं. दोन वर्षांचा खर्च ४५ लाख. सरकारी बँकांत शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की सहसा तारण लागतं. आमची थोडी शेतजमीन आहे, पण बँकेला शेतजमीन चालेना, बिगरशेती मालमत्ता हवी होती. म्हणजे मिरजेतलं घर. बाबांनी सिटी सर्वे ऑफिसातून प्रॉपर्टी कार्ड काढून आणलं. आजोबा गेल्यावर त्यावर चार नावं लागली होती: आजी, बाबा आणि दोन्ही आत्ती. घर गहाण टाकायचं तर चौघांच्या सह्या हव्यात. आत्तींची नावं कार्डावर आहेत हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. दिवाळीला येतात, ओवाळतात, जातात, एवढंच मी पाहिलेलं.

थोरली आत्ती फोनवरच म्हणाली, "कधी यायचं सांग, सही करून जाते." धाकटी जयसिंगपूरला एका पतसंस्थेत कामाला आहे. रविवारी ती आली, बँकेचे कागद मागितले आणि चष्मा लावून तासभर वाचत बसली. चहा गार झाला. मग मला विचारलं, "हप्ता किती?"

"५५ हजार. शिक्षण झाल्यावर सुरू होणार."

"आणि नोकरी नाही लागली तर घर कुणाचं?"

बाबा म्हणाले, "असं अशुभ कशाला बोलतेस?" ती म्हणाली, "दादा, जप्तीच्या नोटिसा मी टाइप करते. त्यात शुभ-अशुभ काही नसतं."

मला राग आला होता. रात्री मात्र मी एक्सेल उघडून तिच्या प्रश्नाचं उत्तर मांडायला बसले. अमेरिकेत पदवीनंतर ओपीटीवर एक वर्ष काम करता येतं, स्टेमवाल्यांना आणखी २४ महिने. त्यानंतर एच-वन-बी, आणि त्याची लॉटरी. पगाराच्या रकान्यात मी आकडा भरू शकत होते. लॉटरीच्या रकान्यात काय भरणार? आजी ७८ वर्षांची आहे. तिचं सगळं आयुष्य या घराच्या मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत झालं. त्या लॉटरीवर तिचं छप्पर लावायचं होतं.

ट्रान्स्क्रिप्टसाठी शिवाजी विद्यापीठात खेपा घालताना मिरज-कोल्हापूर गाडीत मी आनंदीबाई जोशींबद्दल वाचत होते. १८७८ मध्ये पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांनी कोल्हापुरातूनच अमेरिकेला रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहिलं होतं, बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागणारं. वाइल्डर पूर्वी कोल्हापुरात मिशनरी होते. त्यांनी ख्रिस्ती व्हायचा सल्ला दिला, पण पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. तो न्यू जर्सीतल्या थिओडिसिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला आणि त्यांनी होऊन मदत देऊ केली. १८८३ मध्ये आनंदीबाई निघाल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. बदल्यात परत येऊन संस्थानाची दहा वर्षं नोकरी करायचा करार होता. दोघांच्याही मागे कुणीतरी काहीतरी देऊ केलं होतं आणि त्या देण्याला अट होती किंवा नव्हती. माझ्या बाबतीत देणाऱ्या दोन आत्ती होत्या, आणि त्यांची अट काय, हे आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

माझ्या यादीत सगळ्यात शेवटी जर्मनी होती. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, सेमिस्टरचं किरकोळ शुल्क. नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं झालेलं एपीएस प्रमाणपत्र मी काढून ठेवलं होतं. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये तेव्हा ११,२०८ युरो भरावे लागत. म्हणजे दहा लाखांच्या आसपास, आणि तेही आपलेच पैसे, महिन्याला ९३४ युरो असे परत मिळत. तीन लाख माझ्याकडे साठले होते. उरलेलं कर्ज साडेसात लाखांच्या आत बसत होतं, म्हणजे घर तारण नको, जामीनदार पुरे.

१५ एप्रिलला मी अमेरिकेला नकार कळवला. जर्मनीचं काहीच हातात नव्हतं. लॅपटॉप मिटून सुन्न बसले होते. मित्रांचे 'फॉल २३'वाले स्टेटस पुढे आठवडाभर म्यूट करून ठेवले. १५ जुलैची मुदत धरून चार ठिकाणी अर्ज केले, एका ठिकाणी प्रवेश मिळाला.

जामीनदार म्हणून धाकटी आत्ती उभी राहिली. या वेळी कागद वाचायला तिला दहा मिनिटं लागली. सही करून पेनाचं टोपण लावत म्हणाली, "हे मला झेपण्यातलं आहे."

मी आता श्टुटगार्टजवळ नोकरी करते. कर्जाचे १४ हप्ते फिटलेत. गेल्या महिन्यात बाबांनी काही कामासाठी प्रॉपर्टी कार्ड पुन्हा काढलं आणि फोटो पाठवला. त्यात 'इतर भार' असा एक रकाना असतो. गहाण असेल तर बँकेचं नाव तिथं येतं. आमच्या कार्डावर चौघांची नावं आहेत तशीच आहेत, आणि तो रकाना कोरा आहे.