कॅम्पातलं कॅथेड्रल

चिखलदऱ्याला निघालेली मंडळी अमरावतीत थांबतात ती बहुतेक दोनच गोष्टींसाठी. अंबादेवीचं दर्शन आणि गिला वडा. दोन्ही मस्ट, वादच नाही. पण या खेपेला तासभर जास्तीचा ठेवा आणि कॅम्प भागात एक चक्कर मारा. तिथं सेंट फ्रान्सिस झेवियर कॅथेड्रल आहे.

चर्च दिसलं की आपण डोळे मिटून म्हणतो, 'इंग्रजांचं!' इथं नेमकी गडबड होते. इंग्रज सरकारचा पंथ अँग्लिकन. रोमच्या पोपला मानणाऱ्या कॅथलिकांशी त्याचं फारसं जमत नसे. मध्य भारतात कॅथलिक मिशन रुजवलं ते सव्हॉय या डोंगराळ मुलखातल्या फादर लोकांनी. आन्सी गावच्या त्यांच्या संघाला नाव सेंट फ्रान्सिस द सेल्सचं. (हे संत पत्रकारांचे आश्रयदाते, त्यामुळे आम्हाला जरा जास्तच जवळचे!) 1845 मध्ये ही मंडळी जहाजातून निघाली तेव्हा सव्हॉय फ्रान्समध्येसुद्धा नव्हतं, सार्डिनियाच्या राज्यात होतं, ते फ्रान्सकडे गेलं 1860 साली. म्हणजे राज्य इंग्रजांचं, फादर सव्हॉयचे, आणि कामठीच्या छावणीत मिस्साला बसणारे शिपाई बरेचसे आयरिश. घ्या!

त्यांचं पहिलं ठाणं थेट विशाखापट्टणमला. तिथून नागपूर, आणि 1887 मध्ये नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. वऱ्हाड तोवर बदललं होतं. 1853 च्या तहानं निजामाकडून त्याचा कारभार इंग्रजांकडे आला, अमेरिकेतल्या यादवी युद्धानं (1861–65) कापसाचे भाव भडकले, आणि 1867 पर्यंत रेल्वे भुसावळहून बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. 'उमरावती'वरून पडलेलं 'उमरा' हे कापसाचं नाव लिव्हरपूलच्या बाजारात चालायचं. अमरावतीसारख्या गावात साहेबी कॅम्प फुलला तो या सगळ्याच्या जोरावर.

आता कॅथेड्रल म्हणजे काय, तर मोठं चर्च नव्हे. बिशपचं आसन जिथं असतं ते कॅथेड्रल. आकाराशी संबंध नाही. अमरावतीला हा मान मिळाला 8 मे 1955 ला, नागपूरपासून वेगळा धर्मप्रांत झाल्यावर. पहिले बिशप जोसेफ रोझारियो. त्याच सव्हॉयच्या संघाचे, पण माणूस भारतीय. चाळीस वर्षं, 1995 पर्यंत, ते या पदावर राहिले. आजकाल दोन वर्षांत नोकरी बदलणाऱ्या आपल्यासारख्यांनी जरा हिशेब करावा!

त्यांचा मुलूख तरी केवढा! अकोला, बुलढाणा, यवतमाळ, शिवाय मराठवाड्याची बाजू. 1977 मध्ये औरंगाबादचा (आजचं छत्रपती संभाजीनगर) धर्मप्रांत वेगळा निघाला, तेव्हा कुठं अमरावतीचं ओझं हलकं झालं.

पण माझ्या मते खरी क्रांती झाली ती भाषेत. 1962 ते 65 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत जगभर मिस्सा प्रामुख्यानं लॅटिनमध्ये चाले. खेड्यातली आजी गुडघ्यावर बसायची, पण वेदीवरचे शब्द तिला कळायचे नाहीत. परिषदेनं लोकभाषेला दार उघडलं आणि मराठी थेट वेदीवर गेली. 'हे परक्यांचं' म्हणणाऱ्याला यापेक्षा मोठं उत्तर कुठलं द्यायचं?

ज्या संताचं नाव या चर्चला आहे, ते झेवियर कधी वऱ्हाडात आले नाहीत बरं का. 1542 मध्ये गोव्यात उतरले, पुढं जपानपर्यंत गेले आणि 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ वारले. त्यांचा सण 3 डिसेंबरला. वऱ्हाडात तेव्हा हवाही झकास असते.

जायचं कसं? मुंबईहून अंबा एक्स्प्रेसनं थेट अमरावती, नाहीतर बडनेऱ्याला उतरा, तिथून शहर दहाएक किलोमीटर. मिस्साची वेळ आधी विचारून घ्या, मोबाइल सायलेंटवर टाका आणि मागच्या बाकावर बसा. लोक कम्युनियनसाठी पुढं रांग लावतील तेव्हा आपण उठायचं नाही. तो प्रसाद कॅथलिकांसाठीच असतो. मराठी मात्र सगळी कळेल.