उकळूनही न जाणारं विष

१२ एप्रिल
रात्रभर वारा पडला होता. सकाळी गावच्या तळ्यावर गेले, तर घाटाच्या पायऱ्यांशी हिरव्या ऑइलपेंटचा डबा लवंडल्यासारखा थर. वाकून पाहिलं तर तो एकसंध नव्हता. बारीक बारीक कण सुटे तरंगत होते, आणि जांभ्याच्या चिऱ्यावर जिथे थर सुकला होता तिथे निळसर झाक आली होती. काठी बुडवून वर काढली. तंतूंचं शेवाळ असतं तर काठीला गुंडाळून लोंबलं असतं. इथे काठी नुसती रंगली.

म्हशी घेऊन आलेल्या भाऊंना थांबवलं.
"बाई, गुरांना पन पाजायचा नाय?"
"आज नको भाऊ. हा थर आहे तोवर विहिरीचंच पाजा."
१८७८ साली ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवरावर असाच थर आला आणि ते पाणी पिऊन मेंढ्या, घोडे, कुत्री मेली. जॉर्ज फ्रान्सिस यांनी ते 'नेचर'मध्ये कळवलं. म्हणजे ही गोष्ट नवी नाही. आपल्याकडे बोलली जात नाही, इतकंच.

१३ एप्रिल
काल भरून आणलेली बाटली रात्रभर हलवली नव्हती. सकाळी सगळा हिरवा रंग गळ्याशी गोळा, खाली पाणी नितळ. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला: चिकट द्रव्यात गुंतलेल्या गोल पेशींचे पुंजके. मायक्रोसिस्टिस. आपण सरसकट शेवाळ म्हणतो, पण हे जिवाणू, सायनोबॅक्टेरिया. पेशीत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात म्हणून ते वर येतात, आणि वारा नेईल त्या काठाला साचतात. त्यामुळे मधल्या पाण्याचा नमुना बरा आणि घाटावरचा भयंकर, असं सहज होतं. याचे काही वाण विष तयार करतात, काही करत नाहीत. नुसतं बघून ते ओळखता येत नाही, म्हणून प्रत्येक थर विषारी समजूनच वागायचं.

२० एप्रिल
शेजारच्या काकी म्हणाल्या, "आम्ही उकळूनच पितो गो."
पाणी उकळून प्या, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो, आणि कॉलरा-काविळीपुरतं ते सोळा आणे खरं आहे. पण मायक्रोसिस्टिसचं विष, मायक्रोसिस्टिन, उकळून जात नाही. पेशी फुटतात, विष पाण्यात उतरतं, आणि पाणी आटेल तसं ते घट्ट होतं. त्याचा घाव यकृतावर. जागतिक आरोग्य संघटनेने रोजच्या पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे १ मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली आहे. थोड्या दिवसांपुरती १२.

१९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात एका डायलिसिस केंद्राला टँकरने पाणी येत होतं, पुरेशी प्रक्रिया न केलेलं. हे विष थेट रुग्णांच्या रक्तात गेलं आणि ५२ जण दगावले. मे महिन्यात वाडीवाडीवर टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या रत्नागिरी जिल्ह्याला ही हकिगत माहीत असायला हवी. टँकर कुठे भरला, हे विचारणं हा आगाऊपणा नव्हे.

४ मे
लग्नासाठी आंबा घाटातून कोल्हापूरला. रंकाळ्यावर गेल्याशिवाय परतवलं नाही. २०१२ च्या सुमारास हा तलाव हिरवागार होऊन दुर्गंधीने गाजला होता. नाल्यांचं सांडपाणी थेट आत येत होतं. तिकडे उजनीत पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उतरतं, आणि त्या धरणावर सोलापूर शहर तहान भागवतं. मैल्यातला, साबणातला, खतातला फॉस्फरस, साचलेलं पाणी आणि ऊन: या जिवाणूंना याहून जास्त काही लागत नाही. रत्नागिरीला पाणी देणाऱ्या शीळ किंवा पानवल धरणाच्या वर पुण्यासारखं शहर नाही. हे आपलं भाग्य आहे, आणि ते टिकवणं आपल्या हातात आहे.

११ मे
ग्रामपंचायतीत बैठक. एका बागायतदारांचं म्हणणं, "मोरचूद टाकूया, दोन दिवसांत साफ." सुपारीच्या कोळे रोगावर बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या माणसाला हे सुचणारच. मी पाम आयलंडचं सांगितलं. १९७९, ऑस्ट्रेलिया. धरणातल्या थरावर मोरचूद टाकली, पेशी एकदम मेल्या, आतलं विष पाण्यात मोकळं झालं, आणि काही दिवसांत १४८ जण आजारी पडले, बहुतेक मुलं. सभा गप्प झाली. तळ्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ओतण्याचंही तेच.

मग करायचं काय, हा प्रश्न रास्त होता. पाणी थराखालून ओढायचं. तुरटीने आणि वाळूच्या गाळणीने पेशी अख्ख्याच बाहेर काढायच्या. क्लोरीन त्यानंतर: तो पुरेसा आणि पुरेसा वेळ राहिला तर उरलंसुरलं मायक्रोसिस्टिन मोडतो. सक्रिय कोळसाही ते धरतो. हा क्रम उलटा झाला की घात. जलसुरक्षक रोज ओटी टेस्ट करतात, पण पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन आहे एवढंच कळतं. या विषाबद्दल तो काहीच सांगत नाही. भारतीय मानक १०५०० पिण्याच्या पाण्यात शैवाल आणि विष निर्माण करणारे जीव नसावेत असं म्हणतं. मग पावसाळ्याआधीच्या तपासणीत तळ्याचा रंगही टिपला गेलाच पाहिजे. ठराव झाला: घाटावर कपडे धुणं बंद, आणि थर दिसेल त्या दिवशी नळयोजनेचा पंप बंद.

१२ जून
पाऊस लागला. तळं भरतंय, थर फुटून वाहून गेला. लोक म्हणतात, संपलं. पण याच पाण्याबरोबर बागांतलं खत आणि गोठ्यांतलं शेण आत आलं आहे. तळाच्या गाळात बसेल आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा वर येईल. सांडपाणी तळ्यात उतरू नये म्हणून वरच्या वाडीत घेतलेल्या शोषखड्ड्यांचं काम पावसाने थांबलंय, ते दिवाळीनंतर पुरं व्हायला हवं.

हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं: तुमच्या गावच्या तळ्यावर किंवा धरणावर हिरवा थर दिसला, तर ते पाणी भरू नका, पोरांना उतरू देऊ नका, गुरांना पाजू नका. उकळून भागेल असं समजू नका, आणि त्यात औषध टाकू देऊ नका. फोटो काढा, तारीख लिहा, आणि त्याच दिवशी ग्रामपंचायतीला आणि आरोग्य केंद्राला कळवा.