दम आणि घड्याळ

कबड्डीत पूर्वी घड्याळ नव्हते असे नाही. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये पाच मिनिटांची विश्रांती हा हिशेब आम्हांला लहानपणापासून पाठ. पण चढाईला मात्र घड्याळ नव्हते. मध्यरेषा ओलांडताना छातीत भरून घेतलेला श्वास जितका पुरेल तितकी चढाई. 'कबड्डी, कबड्डी' हा उच्चार तुटला की पंचाची शिट्टी वाजे. दम गेला, गडी बाद. खेळाडूचा श्वास हेच माप आणि पंचाचा कान हाच तराजूचा काटा.

२६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या एनएससीआयच्या बंदिस्त स्टेडियममध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली. रमजानचे शेवटचे दिवस होते, ईद तीन दिवसांवर आली होती. जोगेश्वरीच्या आमच्या चाळीत इफ्तार उरकून, तरावीहला निघण्याआधी, आम्ही एका घरात दाटीवाटीने टीव्हीसमोर बसलो होतो. यू मुंबाची गाठ जयपूरशी होती. गडी चढाईला गेला आणि पडद्याच्या कोपऱ्यात तीसपासून उलटे आकडे धावू लागले. तीस सेकंदांत परत यायचे. एवढ्यावर भागले नाही. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण आणलाच पाहिजे, नाही आणला तर चढाई करणाराच बाद.

आमच्यात त्याच रात्री फळी पडली. गिरणीत हयात घालवलेले एक चाचा, ज्यांनी परळ-लालबागच्या मैदानांवर मातीतले सामने पाहिले होते, ते म्हणाले, "ही चढाई आहे की आठ-बावीसची लोकल पकडणं?" पोरे खूश होती. त्यांचे म्हणणे, आता दर मिनिटाला काहीतरी घडते. सर्वांत अनपेक्षित कौल घरातल्या बायकांचा आला. मैदानावर रात्री उशिरापर्यंत चालणारे सामने आमच्या खाला-भाभींनी कधी पाहिलेच नव्हते. तिथे त्यांना बसायला जागा नसे आणि कोणी बोलावतही नसे. आता एक सामना तासाभरात आटोपतो, तोही स्वयंपाकघराच्या दारातून दिसतो. महिनाभरात 'बोनस रेषा' आणि 'सुपर टॅकल' हे शब्द त्यांच्या तोंडी बसले. ३१ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात यू मुंबा जयपूरकडून ३५-२४ असा हरला, तेव्हा सगळ्यांत जास्त हळहळ त्यांनीच केली.

चाचांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, पण जुन्या खेळातले एक दुखणे तेही नाकारत नसत. तीन-चार गुणांची आघाडी मिळालेला संघ शेवटची पाच मिनिटे कशी खेळे हे उपनगरातल्या प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक आहे. गडी जायचा, निदान रेषा ओलांडायचा, दोन-चार पावले इकडे-तिकडे नाचायचा आणि परत यायचा. समोरचेही तेच करणार, कारण पकडीच्या भानगडीत पडून आणखी गुण कोण घालवील? कडेला बसलेले लोक ओरडत, "वेळ काढताय!" पण नियमात बसते म्हटल्यावर पंच तरी काय करणार? तिसऱ्या चढाईच्या नियमाने या वेळकाढूपणाच्या मुळावरच घाव घातला.

शिवाय हा खेळ बदलत आला आहे, हेही विसरता येत नाही. आमच्या वडीलधाऱ्यांनी संजीवनी, गमिनी आणि अमर असे तीन तऱ्हांचे हुतुतू पाहिले होते. गमिनीत बाद झालेला गडी, सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. अमरमध्ये बाद होऊनही कोणी बाहेर जात नसे, नुसते गुण मोजले जात. आज जो खेळला जातो तो संजीवनीचा वारस. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले, १९९० मध्ये बीजिंगच्या एशियाडमध्ये तो स्पर्धेचा खेळ झाला. मातीची मॅट झाली, अनवाणी पायांत बूट आले. प्रत्येक वेळी कोणीतरी म्हटलेच असेल की आता पूर्वीची मजा राहिली नाही.

आणि ही घाई एकट्या कबड्डीच्या वाट्याला आली असेही नाही. अमेरिकेत बेसबॉल हा निवांतपणाचा खेळ समजला जाई. २०२३ मध्ये तिथल्या मोठ्या लीगने चेंडू फेकणाऱ्यावर घड्याळ लावले. तळांवर धावपटू नसेल तर पंधरा सेकंद, असेल तर वीस. एका मोसमात सामन्याची सरासरी चोवीस-एक मिनिटांनी घटून दोन तास चाळीस मिनिटांवर आली. तिथेही जुने प्रेक्षक कुरकुरले आणि पुष्कळांनी सुटकेचा निःश्वास टाकला. क्रिकेटमध्ये तर दोन षटकांच्या मधल्या साठ सेकंदांवरही आता घड्याळ आहे.

तरीही आमचे चाचा ज्यासाठी तळमळत होते ते आम्हांला हळूहळू उमगले. ते निव्वळ चढाईबद्दल बोलत नव्हते.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये जोगेश्वरीने काय पाहिले ते या अंकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. त्यानंतर आमच्या बाजूचे मैदान कितीतरी दिवस ओस पडले होते. रस्त्याच्या पलीकडची पोरे इकडे येत नसत, आमची तिकडे जात नसत. पुन्हा खेळ सुरू झाला तो कबड्डीचाच, आणि आज वाटते ते बरेच झाले. क्रिकेट लांबून खेळता येते. कबड्डीत साखळी धरायची तर शेजारच्याचा हात हातात घ्यावाच लागतो. समोरच्याचा घोटा पकडायचा, त्याच्या छातीला छाती भिडवायची आणि शिट्टी वाजली की त्यालाच हात देऊन उठवायचे. पहिले काही दिवस पोरे हात धरताना बिचकत होती. पुढे ते बिचकणे गेले. मैदानाच्या कडेला तर दोन सामन्यांच्या मध्ये तास-तास काही घडत नसे. आखणी पुसलेली असे, एखादा संघ ट्रेनमध्ये अडकलेला असे. त्या रिकाम्या वेळात दोन्हीकडचे बाप शेजारी शेजारी बसत. आधी नुसते बसत, मग चहा मागवत, मग कोणाच्या पोराला नोकरी लागली याची चौकशी करत. चाचांना जी मजा आठवत होती तिच्यात हे बसणे होते. टीव्हीवरच्या सामन्याला अशी कड नसते.

पण मग दोष घड्याळाचा म्हणावा का? आम्हांला तसे वाटत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २०००चे, रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. त्यामुळे मंडळांचे सामने आधीच आवरते घ्यावे लागत होते. त्याहून मोठी गोष्ट, मैदानेच आकसली. कुठे इमारत उभी राहिली, कुठे गाड्या. आमच्या रिकाम्या वेळाला बसायला जागा उरली नाही. तो दोष तीस सेकंदांच्या माथी मारणे न्यायाचे नाही.

पोरांनीही आम्हांला एक गोष्ट शिकवली. इराणचा फझल अत्राचली २०१५ मध्ये यू मुंबाच्या विजेत्या संघात होता. त्याची डाव्या कोपऱ्यातली पकड आमच्या गल्लीतली पोरे अजून घोटतात. त्यातला एक म्हणाला, "चाचा, घड्याळ चढाई करणाऱ्याला आहे. फझलला कुठं आहे? तो तर वाट बघत उभा असतो." तिसऱ्या चढाईला समोरचा आत शिरणारच, हे माहीत असलेला कोपरारक्षक जागचा हलत नाही. म्हणजे सबुरी गेली नाही, ती चढाईकडून पकडीकडे गेली. चाचांनी यावर उत्तर दिले नाही, पण त्या पोराच्या पाठीवर थाप मारली.

काही वर्षांनी आमच्या मंडळाने छोटी स्पर्धा घेतली तेव्हा हाच वाद बैठकीत आला. तरुणांना सगळे नवे नियम हवे होते, जुन्यांना एकही नको. दोन तास खडाजंगी झाली आणि तोड निघाली. मोठ्यांच्या गटाला तिसऱ्या चढाईचा नियम, कारण त्यांना पुढे त्याच नियमाने खेळायचे आहे आणि दहाच्या आत सामने संपवायचे आहेत. चौदा वर्षांखालच्या मुलांना मात्र ना तिसरी चढाई, ना तीस सेकंद. त्यांना जुनाच नियम, दमाचा. पोराने श्वास भरायचा, मोठ्याने 'कबड्डी' म्हणत जायचे, आणि पंचाने कान देऊन ऐकायचे.

त्या मुलांच्या सामन्यांना आमच्या खाला-भाभीही मैदानावर आल्या. त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्च्या टाकल्या होत्या. पलीकडच्या वस्तीतल्या आयाही तिथेच बसल्या. सामने उशिरा सुरू झाले.