धुवारीतले दोन आवाज

आमच्या वऱ्हाडात धुक्याला धुवारी म्हणतात. ती पडली की शेतकऱ्याला तुरीच्या फुलाची काळजी लागते, आम्हाला सिग्नलची. अकोला-बडनेरा मार्गावर मी मालगाड्या चालवल्या. काटेपूर्णेच्या पुलापाशी कधी कधी पहाटे इंजिनाचा हेडलाइट धुवारीवर आपटून उलटा डोळ्यांतच येई. मग भरवसा उरे तो कानांवर.

चाकांखाली फट्, लगेच दुसरा फट्. सिग्नल जवळ आला.

स्टेशनमास्तरला १८० मीटरवरची ठरलेली खूण दिसेनाशी झाली की तो एक माणूस पाठवी. हा माणूस सिग्नलच्या २७० मीटर अलीकडे रुळावर दोन फटाके बांधी, १० मीटरच्या अंतराने. पत्र्याची चपटी डबी, तिच्या पट्ट्या रुळाच्या माथ्याभोवती वळवलेल्या. हा फटाका १८४१ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड काउपर यांनी शोधला. आमच्या भागातून नागपूरला रेल्वे पोचली ती त्यानंतर, १८६७ साली.

नवा असताना मी हिशेब केला होता. ताशी ६० किलोमीटरने २७० मीटर म्हणजे जेमतेम १६ सेकंद. भरलेली मालगाडी तेवढ्यात थांबत नाही. मग उपयोग काय? माझे वरिष्ठ ड्रायव्हर म्हणाले, “फटाका गाडी थांबवाले नाई रे बाप्पा, डोये लावाले हाय.” थांबायचं की जायचं हे सिग्नल सांगतो. फटाका फक्त सांगतो, आता पाहा.

समुद्रावरही धुक्यात आवाजच लागतो. चालतं जहाज दोन मिनिटांच्या आत एकदा चार ते सहा सेकंदांचा लांब भोंगा देतं. पाण्यात नुसतं थांबलेलं असेल तर दोन. नांगरलेलं जहाज दर मिनिटाला पाच सेकंद घंटा वाजवतं. पण धुक्यात आवाजाची दिशा फसवते, म्हणून समोरून भोंगा ऐकू आला की कप्तानाला वेग अगदी कमी करावा लागतो. आम्हाला दिशेचा प्रश्न नव्हता, रूळ एकच. प्रश्न अंतराचा, आणि तो ते दोन आवाज सोडवत.

फटाके बांधणारा माणूस मला क्वचितच दिसला. गारठ्यात, रुळाच्या कडेला, कांबळं पांघरून तो उभा असे. एकदा गाडी सिग्नलला थांबली तेव्हा धुवारीतून हाक आली, “ड्रायवर सायेब, दोनई फुटले ना जी?” मी “हो” म्हणालो. पुढच्या गाडीसाठी नवे फटाके बांधायला तो परत फिरला. दीड हजार टनांच्या मालगाडीमागे असलेली ती चौकशी मी विसरलेलो नाही.

आता इंजिनात जीपीएसवर चालणारं यंत्र सिग्नल येण्याआधी सांगतं. ते चांगलंच झालं. तरुण लोको पायलटांना एवढंच सांगतो: यंत्र बोललं की त्याच्याकडे पाहू नका, खिडकीबाहेर पाहा.