हार्बुर्गचं देणं

आमचं भोसरीचं घर तीनचाकी टेम्पोच्या भाड्यावर उभं राहिलं. वडिलांनी पतपेढीचं कर्ज काढून जुना हॅन्सिआट घेतला आणि एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांमधलं कास्टिंग चिंचवड-आकुर्डीच्या मशीनशॉपना पोचवायला लागले. पुढे एकच चाक, त्या चाकावरच दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, मागे हौदा. ट्रक शिरत नसे त्या बोळात तो शिरायचा, आणि चार पेट्या माल पाठवायला छोट्या कारखानदाराला अख्ख्या ट्रकचं भाडं मोजावं लागायचं नाही. आमच्या पट्ट्यातले लघुउद्योग वाढले त्यात या भाड्यांचा वाटा फार मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे. बहिणीचं लग्न आणि माझं इंजिनिअरिंग त्याच हौद्यातून झालं.

पुढे मी चाकणला नोकरीला लागलो आणि कंपनीने काही महिने हॅम्बुर्गला पाठवलं. वडिलांच्या हॅन्सिआटचं माहेर तेच.

हॅम्बुर्ग ज्या नदीवर वसलंय ती एल्बे चेक देशातल्या डोंगरात उगम पावते आणि सुमारे 1,100 किलोमीटर वाहून उत्तर समुद्राला मिळते. हॅम्बुर्ग समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत, तरी भरती तिथवर चढते. धक्क्याला पाणी साडेतीन मीटरच्या आसपास वरखाली होतं. शहरापाशी नदीचे दोन फाटे होतात. दक्षिणेकडच्या फाट्यावरचं हार्बुर्ग 1937 पर्यंत स्वतंत्र शहर होतं, मग ते हॅम्बुर्गमध्ये सामील झालं. जहाजातून रबर आणि तेलबिया उतरत, म्हणून तिथे रबराचे कारखाने आणि तेलाच्या गिरण्या आल्या. फिनिक्सचा रबर कारखाना तर 1856 चा. आमच्या पवनेत कधी जहाज आलं नाही. रावेतला तिचं पाणी उचलून आम्हाला पाजतात, आणि तेही उपकार थोडे नाहीत. पण नदीकाठी माल उतरतो म्हणून कारखाना येतो, कारखाना आला म्हणून कामगारवस्ती होते, हा क्रम मी हार्बुर्गमध्ये पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला.

दाखवला तो एका निवृत्त फिटरने. मी राहत होतो त्या इमारतीत ते खालच्या मजल्यावर राहायचे. पोरवयात त्यांनी हार्बुर्गच्याच ‘विडाल अँड सोन’ या टेम्पो कारखान्यात उमेदवारी केली होती. भोसरीचा मुलगा आणि त्याच्या वडिलांचा टेम्पो, एवढं ऐकल्यावर त्यांनी मला आपलं मानलं. रविवारी ते मला जुन्या बंदरातून हिंडवत. ही कंपनी 1924 ची, हे त्यांनीच सांगितलं. 1928 च्या जर्मन कायद्यात 200 सीसीपर्यंतची तीनचाकी चालवायला परवाना लागत नसे, करही नसे. त्यामुळे बेकरीवाला, भाजीवाला, कोळसेवाला अशा माणसांच्या हाती पहिल्यांदा स्वतःची मालगाडी आली. 1943 च्या जुलैमधल्या बॉम्बहल्ल्यांत शहर जळालं. ते पुन्हा उभं राहत असताना, 1949 मध्ये, हॅन्सिआट बाजारात आला. व्यापारी शहरांच्या जुन्या हान्सा संघावरून त्याचं नाव ठेवलेलं.

16 फेब्रुवारी 1962 च्या रात्री वादळाने समुद्राचं पाणी एल्बेत लोटलं, बांध फुटले आणि हॅम्बुर्गमध्ये 315 माणसं गेली. दोन फाट्यांमधल्या विल्हेल्म्सबुर्ग बेटावर सर्वांत जास्त. ते सांगताना त्या फिटर आजोबांचा आवाज बसायचा. मी त्यांना पानशेत धरण फुटून 12 जुलै 1961 ला पुण्यात आलेल्या पुराबद्दल सांगितलं. सातच महिन्यांचं अंतर! त्यांनी पुण्याचं नाव एका कागदावर माझ्याकडून देवनागरीत लिहून घेतलं.

एकदा मी त्यांचं वडिलांशी फोनवर बोलणं करून दिलं, मध्ये दुभाषा मी. वडिलांनी लगेच विचारलं, भरलेल्या गाडीचं पुढचं चाक चढावर जागच्या जागी का फिरतं? आजोबा म्हणाले, जोर पुढच्या चाकाला आणि चढावर वजन जातं मागे; जड माल केबिनला चिकटून लावा. वडील म्हणाले, ‘त्यांना सांग, मी पहिल्या पावसाळ्यापासून तसाच लावतो.’ ते ऐकून आजोबा कितीतरी वेळ ‘शाब्बास’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणत राहिले. माझ्या वडिलांना कुणी कारागीर म्हणून मान दिल्याचं मी तेव्हा प्रथमच ऐकलं. हे ऋण मी कशानेही फेडू शकत नाही.

गाडी आपल्याकडे आणली नवलमल फिरोदिया यांनी. 1958 मध्ये विडालच्या सहकार्याने बजाज टेम्पो सुरू झाली, आधी गोरेगावला, मग आकुर्डीला. जर्मनीत हॅन्सिआट 1956 लाच बंद झाला होता. इथे तो पुढे कित्येक वर्षं धावला. मूळ कंपनी हातोहात जात डाइमलर-बेंझकडे गेली, आणि हार्बुर्गचा तो कारखाना आज मर्सिडीझचे सुटे भाग करतो. मर्सिडीझच्या गाड्या 2009 पासून चाकणला जुळतात, आणि बजाज टेम्पोची आजची फोर्स मोटर्स 2016 पासून चाकणलाच त्यांच्यासाठी इंजिनं आणि अ‍ॅक्सल तयार करते. हार्बुर्ग आणि आपलं नातं तुटलेलं नाही; फक्त ते कुणी सांगत नाही.

म्हणून एक मागणं आहे. चिंचवडला ऑटो क्लस्टरजवळ सायन्स पार्क आहे, शाळेची मुलं तिथे येतात. तिथे एक हॅन्सिआट उभा राहिला पाहिजे, शेजारी आकुर्डी आणि हार्बुर्गची माहिती मराठीत लिहून. तुमच्या शेडमध्ये किंवा गावच्या गोठ्यामागे असा टेम्पो गंजत पडला असेल, तर कृपा करून तो भंगारवाल्याला देऊ नका.