हंडाभर मसाला

थाप मारावी तर ती आमच्या मावळातल्या माणसाने! डोंगर एवढे उंच, की त्यांच्या पायथ्याशी साधी गोष्ट फारच खुजी दिसते. म्हणूनच की काय, नसरापूरहून वेल्ह्याकडे निघालात की 'चुलीवरचे मटण' अशी पाटी मिरवणाऱ्या खानावळीला एखादा तरी पराक्रमी पूर्वज चिकटलेला असतोच.

आमच्या गावाजवळच्या खानावळीचे मालक तात्या. त्यांची कथा अशी. शिवरायांनी इ. स. 1646 च्या सुमारास तोरणा घेतला, गडाची डागडुजी करताना धनाचे हंडे सापडले आणि ते धन राजगड उभारण्याच्या कामी आले. इथपर्यंत इतिहासाच्या पुस्तकांचे आणि तात्यांचे एकमत आहे. पुढे पुस्तके थांबतात आणि तात्या सुरू होतात.

"सगळ्या हंड्यांत मोहरा होत्या, एक सोडून. त्या हंड्यात होता मसाला! मोहरा गेल्या राजगडाला, नि मसाल्याचा हंडा आला आमच्या खापरपणज्याच्या डोईवर."

खापरपणजा पावणेचारशे वर्षे मागे कसा गेला, हे विचारायचे नसते. तो गुंजवणीच्या काठी रस्सा ढवळत बसतो. नीरेपलीकडे मोगलांचा तळ पडलेला असतो. वारा फिरतो, फोडणीचा ठसका तळावर जातो आणि अख्खी फौज शिंकत शिंकत थेट औरंगाबाद गाठते! मी शाळेत असताना ही फौज पाचशेची होती. आता ती पाच हजारांवर गेली आहे आणि गेल्या दिवाळीपासून हत्तीही शिंकू लागले आहेत.

पुण्याहून मोटारीने आलेले एखादे गृहस्थ हसून विचारतात, "तात्या, हे खरं का?"

"अहो साहेब, खोटं बोलून मटण शिजतंय होय?"

एकदा आमचे इतिहासाचे सर तिथे जेवायला बसले होते. रश्श्यातली टोमॅटोची फोड चमच्यावर धरून ते म्हणाले, "तात्या, हा कुठल्या हंड्यातला? मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात आली, ती एक वेळ मावळात पोचली असेल. पण टोमॅटो आपल्या स्वयंपाकघरात शिरला तो इंग्रजी अमदानीत!"

तात्या जरासुद्धा डगमगले नाहीत. "सर, हंडा जुना आहे. टोमॅटो आजचाच आहे. शिळं आम्ही घालत नाही!"

सरही पोटभर हसले, आणि मग त्यांनी आम्हांला कारीची गोष्ट सांगितली. कारी हे आपल्या भोर तालुक्यातलेच गाव. तिथल्या जेधे देशमुखांच्या घराण्यात एक शकावली जपलेली होती. तिच्यात ना शिंका, ना हत्ती. अमुक शकात, अमुक तिथीला, अमुक घडले, एवढ्याच कोरड्या नोंदी. लोकमान्य टिळकांनी 1916 साली ती प्रसिद्ध केली आणि त्या कोरड्या नोंदींतून शिवजन्माची तिथी पुढे आली: फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. आज सरकारी शिवजयंती याच तारखेला होते. कुणीतरी न नटवता लिहून ठेवले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले.

तेव्हापासून तात्यांची कथा ऐकताना मला एक प्रश्न छळतो. एवढा रस्सा शिजला, तो मावळ्यांनी खाल्ला कशाशी? या साऱ्या महाभारतात भाकरी थापणारे कुणीच कसे नाही?

प्रश्न मला सुचला, कारण त्या खानावळीत भाकऱ्या माझी आई थापते. खानावळीची खरी सुरुवातही तिला चांगली आठवते. राजगडावर निघालेली चार पोरे दारात आली आणि म्हणाली, "मावशी, काही खायला मिळेल का?" तात्यांच्या आईने पिठले हाटले, माझ्या आईने नाचणीच्या भाकऱ्या भाजल्या. पोरे जेवली. पैसे किती घ्यायचे, हे दोघींनाही सांगता येईना. शेवटी पोरांनीच काही नाणी उंबऱ्यावर ठेवली. पुढल्या रविवारी आणखी सहा जण आले.

मी तात्यांना म्हटले, "हीच गोष्ट सांगा की गिऱ्हाइकांना."

तात्या खरोखरच बुचकळ्यात पडले. "त्यात काय सांगण्यासारखं हाय, बाळा?"

आईला विचारले, तर काठवटीतली मान वर न करता तीही तेच म्हणाली.

तात्यांच्या थापेवर माझा राग नाही. ती थाप आहे हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही, आणि रश्श्याबरोबर ती छान पचते. ती कुणी लिहून ठेवली नाही तरी जगेल, दर दिवाळीला वाढेलही. लिहून ठेवायला हवे ते दुसरेच. म्हणून वार्षिकाच्या या पानावर माझ्या शकावलीतली एक नोंद करतो:

शके 1947, पौष मास, रविवार. आईने सकाळी अकरापासून चारपर्यंत एकशे चाळीस भाकऱ्या थापल्या. एकही करपली नाही.